विषाणू आधी की औषध?

नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरच्या तीनपाटीवर एखाद्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरशी दहा मिनिटे उभे राहिले, तर औषधशास्त्रातला एक अवघड धडा ऐकायला मिळतो. छाटणी उरकलेला द्राक्ष बागायतदार ट्रायकोडर्माची पिशवी आणि कॉपरचा पुडा असे दोन्ही पुढ्यात ओढतो आणि दुकानदार त्यातले एक हलकेच मागे घेतो. ‘अण्णा, हे दोन्ही एका टाकीत नका कालवू. ह्यातली बुरशी जिवंत असती, कॉपरनं मरून जाईल. मधी आठ-दहा दिवस जाऊ द्या.’ अण्णांची अडचण निराळी असते. आभाळ भरून आले आहे, डाऊनी रोगाची धास्ती आहे, आठ-दहा दिवस थांबायला सवड नाही. त्यांचेही चूक नसते.

एक औषध जिवंत, दुसरे निर्जीव. जिवंत औषधाला काम करायला वेळ लागतो. निर्जीव औषध लगेच काम करते, पण शत्रूबरोबर मित्रालाही मारते. हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी एचएएनपीव्ही हा विषाणू (‘हेलिओकिल’ म्हणूनही तो ओळखला जातो) वापरणाऱ्यांना हे अधिक बारकाईने ठाऊक असते. फवारणी सायंकाळी करायची, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो. त्यासाठीच द्रावणात थोडी नीळ घालण्याची शिफारस असते. अळ्या लहान असतानाच फवारायचे आणि मग धीर धरायचा. अळी खाणे सोडते, मलूल होते, काही दिवसांनी झाडाच्या शेंड्याला उलटी लटकून मरते. तिचे शरीर फुटते आणि त्यातून सांडलेले विषाणू पुढच्या अळीला गाठतात. त्याच दिवशी जहाल कीटकनाशकही मारले, तर अळ्या झटपट मरतील हे खरे. मात्र विषाणूची पुढची पिढी ज्या अळीच्या पोटात तयार व्हायची, ती अळीच उरणार नाही.

कर्करोगाच्या उपचारात आज हाच पेच आहे. कर्कपेशींत शिरून, तिथेच वाढून त्यांना फोडणारे विषाणू आणि नेहमीची औषधे (केमो असो, की प्रतिकारशक्ती जागी करणारी इम्युनोथेरपी) जोडीने द्यायची तर आधी कोणते, किती, आणि मधे किती दिवस? याचे उत्तर समीकरणांतून शोधण्याचा प्रयत्न गेली पंचवीसेक वर्षे चालू आहे. त्या प्रयत्नावर महाराष्ट्रातल्या रुग्णालयांनी, विद्यापीठांनी आणि सरकारने किती भरवसा ठेवावा आणि किती पैसा घालावा, याबद्दल विचारी माणसांत दोन मते आहेत. दोन्हींना वजन आहे.

विषाणूने कर्करोगावर उपचार ही कल्पना ऐकायला धाडसी वाटते, पण तिला अधिकृत मान्यता मिळूनही बराच काळ लोटला. चीनने २००५ मध्ये एच१०१ हा अॅडिनोव्हायरस डोके-मानेच्या भागातल्या कर्करोगासाठी मान्य केला, तोही केमोच्या जोडीनेच. चाचणीत नुसत्या केमोने सुमारे ४० टक्के रुग्णांच्या गाठी आक्रसल्या, विषाणूची जोड दिल्यावर सुमारे ७९ टक्के. मात्र हे आकडे गाठ आक्रसण्याचे होते, आयुष्य वाढल्याचे नव्हते. अमेरिकेने ऑक्टोबर २०१५ मध्ये टी-व्हेक मान्य केला. तापानंतर ओठावर फोड उठवणाऱ्या हर्पिस विषाणूत फेरफार करून तो बनवलेला आहे आणि मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात तो थेट गाठीत टोचतात. जपानने २०२१ मध्ये मेंदूतल्या गाठीसाठी असाच एक हर्पिस विषाणू सशर्त मान्य केला. आपल्या रुग्णालयांत हे उपचार अजून रोजच्या वापरात नाहीत. तरी हा विषय परका मानता येत नाही. चीनने ज्या डोके-मानेच्या पट्ट्यात हा प्रयोग केला, त्याच पट्ट्यातले तोंडाचे, जिभेचे, घशाचे कर्करोग तंबाखू आणि गुटख्याने आपल्या गावागावांत आणून बसवले आहेत.

‘गणिती प्रारूप’ या भारदस्त शब्दामागे असते ती जमाखर्चाची वही. पहिल्या रकान्यात लागण न झालेल्या कर्कपेशी, दुसऱ्यात लागण झालेल्या, तिसऱ्यात मोकळे फिरणारे विषाणू. पहिल्यातून रोज किती पेशी दुसऱ्यात गेल्या, दुसऱ्यातल्या किती फुटल्या, एक पेशी फुटल्यावर किती नवे विषाणू बाहेर पडले, त्यातले किती शरीराच्या प्रतिकारशक्तीने टिपले. चौथा रकाना औषधाचा, पाचवा प्रतिकारपेशींचा. वही दिवसागणिक पुढे लिहीत जायची आणि साठ दिवसांनी पहिल्या रकान्यात काय शिल्लक राहिले ते पाहायचे.

डॉमिनिक वोडार्झ यांनी २००१ मध्ये अशी वही मांडली, तेव्हा निघालेला एक निष्कर्ष घाटेअळीच्या अनुभवाशी जुळणारा होता. विषाणू फार जहाल असेल, लागण होताच पेशी मारत असेल, तर तो आपलाच प्रसार खुंटवतो. म्हणजे सर्वांत मारक विषाणू सर्वांत गुणकारी असेलच असे नाही. २००६ मध्ये ओहायोतले गणिती अॅव्हनर फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतल्या गाठींवरच्या प्राणिप्रयोगांना धरून सायक्लोफॉस्फमाइड या जुन्या केमो औषधाचा हिशेब केला. इथे या औषधाचे काम होते विषाणूवर तुटून पडणाऱ्या प्रतिकारपेशींना काही काळ दाबून ठेवणे. हिशेबात दिसले की तेवढ्याने भागत नाही. एका पेशीतून बाहेर पडणाऱ्या विषाणूंची संख्याही मोठी हवी. पुढे २०१८ मध्ये फ्रीडमन आणि लाइ यांनी विषाणूबरोबर प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढणारे औषध घेऊन हिशेब मांडला. त्यात मात्रांचा असा एक टापू सापडला की जिथे औषध वाढवले की परिणाम घटतो, कारण मोकाट सुटलेल्या प्रतिकारपेशी विषाणू जिथे वाढत असतात त्या पेशीच लवकर संपवतात. दोन चांगली औषधे एकत्र दिली की फळ दुप्पट, अशी आपली सर्वांची मनोमन समजूत असते. डॉक्टरांचीही असते. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे, एवढे तरी या वहीने दाखवले.

गणिताची बाजू घेणाऱ्यांचा पहिला मुद्दा इथूनच निघतो. विषाणूच्या पाच मात्रा, औषधाच्या पाच, दोहोंमधल्या अंतराचे चार पर्याय आणि किती वेळा द्यायचे याचे तीन, एवढेच धरले तरी ३०० वेळापत्रके होतात. माणसांवर त्यातली एक-दोनच तपासता येतात. एक तपासायची किंमत काय, ते पेक्सा-व्हेकच्या चाचणीने दाखवले. हा विषाणू देवीच्या लशीत वापरल्या जाणाऱ्या व्हॅक्सिनियापासून बनवलेला. जुन्या माणसांच्या दंडावर ‘देवी काढल्याची’ जी खूण असते, ती याच विषाणूची. यकृताच्या कर्करोगाच्या ४५९ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला आधी विषाणूची तीन इंजेक्शने आणि सहाव्या आठवड्यापासून सोराफेनिबच्या गोळ्या, दुसऱ्याला पहिल्या दिवसापासून गोळ्या. फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून २०१९ मध्ये चाचणी थांबवली. शेवटचा हिशेब लागला तेव्हा विषाणू घेतलेल्यांतले निम्मे रुग्ण १२.७ महिन्यांपर्यंत हयात होते, नुसत्या गोळ्या घेतलेल्यांतले निम्मे १४ महिन्यांपर्यंत. विषाणूच कुचकामी होता, की गोळ्या सहा आठवडे लांबल्या ते नडले? दुसरे वेळापत्रक तपासल्याखेरीज हे कळत नाही, आणि त्यासाठी पुन्हा साडेचारशे आजारी माणसे लागतात. ३०० पैकी बहुतेक वेळापत्रके कागदावरच बाद करता आली, तर चाचणीत नाव घालणाऱ्या माणसाचे उरलेले महिने निदान निवडक प्रश्नासाठी खर्ची पडतील. या युक्तिवादाकडे दुर्लक्ष करणे कठीण आहे.

दुसरीकडे, वहीत आकडे भरायचे कुठून, हा प्रश्न तितकाच कठीण आहे. विषाणू एका पेशीतून दुसरीत किती वेगाने जातो, हे प्रयोगशाळेतल्या बशीत मोजता येते. उंदराच्या कातडीखाली वाढवलेल्या गाठीतही बऱ्यापैकी मोजता येते, कारण ती गाठ एकजिनसी असते. माणसाच्या गाठीचे तसे नाही. तिच्यात घट्ट तंतूंच्या भिंती असतात, रक्त न पोहोचल्याने मेलेले भाग असतात, आणि यकृतातली गाठ फुप्फुसातल्या तिच्याच पिल्लाहून वेगळी वागते. त्यात समीकरणांचा एक अंगभूत दोष आहे. अज्ञात राशी जास्त आणि मोजमापे थोडी असली, की आकड्यांच्या कितीतरी वेगवेगळ्या जोड्या आजवरच्या मोजमापांशी सारख्याच चांगल्या जुळतात. पुढच्या महिन्याबद्दल मात्र त्या परस्परविरुद्ध सांगतात. द्राक्षबागेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राचा अनुभव असलेल्यांना हे वेगळे समजवावे लागत नाही. पान किती तास ओले राहिले हे यंत्र जिथे उभे आहे तिथले खरे. चार एकर पलीकडे, ओढ्याकाठच्या खोलगट तुकड्यात, दव दहा वाजेपर्यंत हटत नाही आणि डाऊनी तिथूनच सुरू होते. यंत्र खोटे बोलत नाही, पण त्याला तो खोलगट तुकडा माहीतच नसतो.

याच संदर्भात टी-व्हेकची पुढची गोष्ट दोन्ही पक्षांना सांगावीशी वाटते. मेलॅनोमाच्या २१ रुग्णांना टी-व्हेक आणि पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध एकत्र दिल्याचे निकाल २०१७ मध्ये आले, तेव्हा ६२ टक्क्यांना प्रतिसाद मिळाल्याचे दिसले आणि मोठी आशा निर्माण झाली. मग ६९२ रुग्णांची रीतसर चाचणी झाली. नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅबच्या तुलनेत जोडीने ना आजार पुढे सरकण्याचा काळ ठोसपणे लांबवला, ना आयुष्य. गणिताचे समर्थक म्हणतात, आधी हिशेब केला असता तर जोडीतली औषधे कुठे एकमेकांना अडवतात ते दिसले असते. टीकाकार विचारतात, मग निकालाआधी तसे छातीठोकपणे कोणी का सांगितले नाही? निकाल हाती आल्यावर त्याला जुळणारे समीकरण शोधणे सोपे असते. मला टीकाकारांचा प्रश्न इथे अधिक रास्त वाटतो. मात्र त्यावरून निघतो तो निष्कर्ष गणित सोडून द्या असा नाही. भाकीत निकालाच्या आधी लिहून ठेवा, असा आहे. याकडे पुन्हा येऊ.

कर्करोगाच्या वॉर्डात गणित नवखे आहे, असेही नाही. रुग्ण ज्याला ‘लाइट घेणे’ म्हणतात, त्या रेडिएशनची मात्रा किती दिवसांत किती तुकड्यांत वाटायची, हे ठरवताना एक गणिती प्रारूप जगभर रोज वापरले जाते. किरणांनी कर्कपेशी किती मरतील आणि शेजारच्या निरोगी पेशी किती सावरतील, याचा तो हिशेब असतो. (लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कांद्याचे कोंब रोखायला जो कोबाल्ट-६० वापरतात, तोच काही रुग्णालयांत या उपचाराच्या यंत्रातही असतो.) स्तनाच्या कर्करोगात पूर्वी पाच आठवडे, २५ वेळा लाइट घ्यावा लागे. तो आकडा १५ वर आला. ब्रिटनमधल्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीने २०२० मध्ये दाखवले की एका आठवड्यात पाच वेळा दिलेला उपचार तीन आठवड्यांत १५ वेळा दिलेल्या उपचारापेक्षा उणा ठरत नाही. विंचूरहून नाशिक पन्नासहून अधिक किलोमीटर. पंचवीस वेळा जाणे आणि पाच वेळा जाणे यांत फरक केवळ भाड्याचा राहत नाही. सोबत येणाऱ्याची रोजंदारी, कांदा काढणीचे दिवस, घरात मागे राहिलेली मुले असे सगळे त्यात येते. गणिताने माणसाचे श्रम वाचवल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

तरी याच उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते प्रारूप काही दशके रुग्णांच्या नोंदींवर घासून तयार झालेले होते. एवढे असूनही ब्रिटिश डॉक्टरांनी त्याच्यावर विसंबून एकदम वेळापत्रक बदलले नाही. ४,०९६ रुग्णांवर चाचणी केली आणि पाच वर्षे वाट पाहिली. शिवाय किरण वाढत नाहीत, पसरत नाहीत, शरीर त्यांच्याविरुद्ध फौज उभी करत नाही. विषाणू हे सगळे करतो. किरणांच्या गणिताचे यश विषाणूच्या गणिताच्या खात्यावर जमा करता येणार नाही.

किरणांच्या आणि विषाणूच्या गणिताच्या मधे कुठेतरी फ्लोरिडातल्या मॉफिट कर्करोग केंद्रातल्या रॉबर्ट गेटनबी यांचे काम येते, आणि शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे, कारण त्याची कल्पना शेतातून आली. कोबीवरचा चौकोनी ठिपक्याचा पतंग एकामागून एक कीटकनाशकांना दाद देईनासा झाला. सगळी कीड मारायला जावे तर न मरणारी तेवढी उरते आणि तीच शेत व्यापते. गेटनबी यांनी हेच गाठीला लावले: औषधाला बळी पडणाऱ्या काही पेशी मुद्दाम राखायच्या, म्हणजे दाद न देणाऱ्या पेशींना त्या वाढू देत नाहीत. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ११ रुग्णांवरचे पहिले निकाल २०१७ मध्ये आले. गणिताने सांगितल्याप्रमाणे गोळ्या चालू-बंद केल्यावर नेहमीच्या निम्म्याहून कमी औषधात आजार जास्त काळ ताब्यात राहिला. अकरा रुग्ण म्हणजे पुरावा नव्हे, आणि तुलनेचा गटही चिठ्ठ्या टाकून निवडलेला नव्हता. मात्र औषध कमी देऊन अधिक मिळू शकते का, हा प्रश्न गणिताने तपासण्याजोगा केला.

आता विरोधातल्या सर्वांत वजनदार मुद्द्याकडे. तो गणिताच्या अचूकतेबद्दल नाही, प्राधान्याबद्दल आहे. भारतात २०२२ मध्ये कर्करोगाचे अंदाजे १४.६ लाख नवे रुग्ण झाले. त्यातले कितीतरी दवाखान्यात उशिरा पोहोचतात, आणि उशिरा पोहोचलेल्या गाठीपुढे विषाणूचेही फारसे चालत नाही. याउलट, आपल्याच राज्यात कमी खर्चात काय साधते हे सिद्ध झालेले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एचपीव्ही विषाणूची आयुष्यात एकदाच केलेली तपासणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, असे दिसले. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांबरोबर केलेल्या कामात तर साधनही साधे होते: गर्भाशयमुखाला पातळ अॅसिटिक आम्ल लावायचे आणि डोळ्यांनी पाहायचे. पाहणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. त्या आजाराने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. असे असताना समीकरणांवर एक रुपया तरी का घालवावा, असे कोणी विचारले तर तो प्रश्न संकुचित म्हणून उडवून लावता येत नाही. निफाड तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्रात अशी तपासणी नियमित होणे आणि विषाणू-औषधाचे प्रारूप तयार होणे, यांतले एकच निवडायचे असेल, तर मी पहिले निवडेन.

मात्र खरोखर एकच निवडावे लागते का? प्रारूपाचा खर्च प्रयोगशाळेचा नसतो. दोन-तीन गणिती, एक-दोन संगणक आणि रुग्णालयात आधीच पडून असलेल्या नोंदी एवढेच त्याला लागते. आरोग्यसेविकांचे मानधन त्यासाठी कापावे लागत नाही. खरी टंचाई आहे ती डॉक्टरच्या वेळेची आणि नीट ठेवलेल्या नोंदींची. ती टंचाई सोसूनही गणिताला जागा द्यावी, असे मला वाटते, आणि त्याचे कारण महाराष्ट्रातल्याच दोन अनुभवांत आहे.

पहिला अनुभव परळचा. टाटा मेमोरियलमधल्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी डोके-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर निव्होलुमॅब हे महागडे इम्युनोथेरपीचे औषध तपासले. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. त्यांनी दिली दर तीन आठवड्यांना २०, म्हणजे सहा आठवड्यांचा हिशेब धरला तर अठरावा हिस्सा. अगदी थोड्या मात्रेतही हे औषध पेशींवरच्या आपल्या जागा बऱ्याच अंशी व्यापते, हे आधीच्या मोजमापांतून दिसलेले होते. स्वस्त गोळ्यांच्या उपचारात ही चिमूटभर मात्रा मिसळल्यावर एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. पूर्ण मात्रेने याहून जास्त मिळाले असते का, हे या चाचणीने सांगितलेले नाही. पूर्ण मात्रेचा गटच तिच्यात नव्हता. ही त्रुटी टीकाकार दाखवतात आणि ती खरी आहे. मात्र ज्याला पूर्ण मात्रा परवडतच नाही, त्याच्यासाठी तुलना पूर्ण मात्रेशी नसते, काहीच न मिळण्याशी असते.

दुसरा अनुभव एचपीव्हीच्या लशीचा. भारतातल्या ज्या केंद्रांत तीन मात्रा विरुद्ध दोन मात्रा असा अभ्यास सुरू झाला, त्यांत बार्शी आणि पुणे होते. २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवायला सांगितले आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर दिसले की दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेचे संरक्षण जास्त मात्रांच्या तोडीचे आहे. मग गणितींनी त्या नोंदींवरून पुढच्या पिढ्यांतले कर्करोग किती टळतील याचे हिशेब मांडले आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने एका मात्रेचा पर्याय मान्य केला. इथे गणित नोंदींच्या मागून आले, पुढे धावले नाही. तरी धोरण बदलायला ते कामी आले.

दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: किती कमी पुरेल? हा प्रश्न औषध बनवणाऱ्या कंपनीला पडत नाही. त्यात कोणाची लबाडी नाही, तिचा जमाखर्चच तसा आहे. श्रीमंत देशांतल्या विमा व्यवस्थेलाही तो उशिरा पडतो. आपल्याला मात्र तो पहिल्याच दिवशी पडतो. विषाणू आणि औषध यांच्या जोडीतही आज जगात शोध चालू आहे तो जास्तीत जास्त परिणामाच्या मात्रेचा. विषाणू गाठीत स्वतःच वाढतो. मग योग्य दिवस साधला तर त्याचा एकच डोस आणि औषधाचा लहानसा हिस्सा पुरेल का? पुरेल असे मी म्हणत नाही. पण या प्रश्नासाठी वही मांडायची तर ती नाशिक, पुणे, मुंबईतच मांडावी लागेल. नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. एमडीच्या विद्यार्थ्याचा प्रबंध आणि गणिताच्या विद्यार्थ्याचा प्रबंध एकाच नोंदवहीवर उभे राहावेत, ही काही अशक्य गोष्ट नाही.

भरवसा किती ठेवायचा याला मात्र मर्यादा हवी. गणिताने चाचणीत कोणती दोन वेळापत्रके समोरासमोर ठेवायची ते सुचवावे. समोरच्या रुग्णाला आज काय द्यायचे ते ठरवू नये. प्रारूपाचे भाकीत पहिला रुग्ण दाखल होण्याआधी लिहून, तारीख घालून, चाचणीच्या नोंदणीबरोबर जमा व्हावे. साठाव्या दिवशी गाठ किती असेल, कोणत्या गटात किती, आणि कोणता आकडा आला तर आम्ही चुकलो असे मानू, हे त्यात असावे. काही डॉक्टर म्हणतील की हे सोपस्कार चाचणी आणखी लांबवतात, आणि ज्याच्या हातात सहा महिने आहेत त्याला लांबण काय असते हे गणितींना कळत नाही. काही गणिती म्हणतील की कोवळ्या प्रारूपाला इतक्या लवकर कसोटीला लावले तर ते बदनाम होऊन मरेल. दोघांचीही भीती मला खोटी वाटत नाही. तरी चुकलेले भाकीत लेखी असेल तर पुढची वही त्यातून सुधारते. न लिहिलेले भाकीत कधी चुकतच नाही, म्हणून त्यातून कोणी काही शिकतही नाही.

एक पेच उरतो आणि तो पैशाचा नाही. वहीचा दुसरा रकाना, लागण झालेल्या पेशींचा, बाहेरून दिसत नाही. स्कॅनमध्ये गाठीचा आकार कळतो, आत विषाणू किती पसरला ते कळत नाही. त्यासाठी गाठीत पुन्हा सुई घालून तुकडा काढावा लागतो. गणिती म्हणेल, चौथ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी तीन बायोप्सी मिळाल्या तर अज्ञात राशी आवाक्यात येतील. उपचार करणारा डॉक्टर म्हणेल, ज्याला तोंड उघडता येत नाही त्याच्या गालात मी उपचारापलीकडची एकही सुई घालणार नाही. मी या वादात डॉक्टरच्या बाजूला जास्त झुकतो, पण पूर्ण नाही. तीन नकोत, एक मागता येईल. कोणत्या दिवशी मोजले तर सर्वांत जास्त कळेल हे प्रारूपालाच आधी विचारता येते, आणि तोच एक दिवस ठरवावा. रुग्णाला ते विचारायचे तर संमतिपत्र मराठीत हवे, आणि त्यात सहीच्या वर ठळक अक्षरांत एवढे तरी असावे की ही सुई तुमच्या उपचारासाठी नाही, यातून जे कळेल ते तुमच्यानंतर येणाऱ्या रुग्णाच्या कामी येईल, आणि तुम्ही नको म्हणालात तरी तुमच्या उपचारात काहीही फरक पडणार नाही.